प्लाझ्मा दिलेल्या कापडावर चांदी का टिकत नाही?

प्रश्न : कापड जिवाणूरोधक करण्यासाठी पॉलिएस्टरला ऑक्सिजन प्लाझ्मा (निर्वात चेंबरमध्ये विजेने भारित केलेला ऑक्सिजन वायू) दिला आणि सायट्रेट पद्धतीने, म्हणजे सायट्रेट क्षार वापरून, बनवलेल्या चांदीच्या नॅनोकणांच्या (अतिसूक्ष्म कणांच्या) द्रावणात बुडवले. कापड छान पिवळसर झाले, पण पहिल्याच धुलाईत रंग उतरला. प्लाझ्मा कमी पडला का? (एक विद्यार्थी, फर्मागुडी)

उत्तर : प्लाझ्मा कमी पडला असे वाटत नाही, जोडी चुकली. ऑक्सिजन प्लाझ्मामुळे पॉलिएस्टरच्या पृष्ठभागावर कार्बोक्सिल, हायड्रॉक्सिल असे रासायनिक गट तयार होतात. पाण्यात कार्बोक्सिलवर ऋणभार येतो. सायट्रेटने वेढलेला चांदीचा कणही ऋणभारितच, म्हणजे दोघे एकमेकांना दूर लोटणार. तुम्हाला दिसलेला पिवळा रंग धाग्यांच्या फटीत नुसत्या वाळलेल्या कणांचा होता. साबणाच्या पाण्याने ते सुटले.

यावर दोन वाटा आहेत. पहिली, तयार कण न देता चांदीचे आयन, म्हणजे धनभारित अणू, द्या. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात 170 मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट विरघळवा, त्यात कापड अंधारात तासभर ठेवा, एकदाच हलके खंगाळा आणि मग ॲस्कॉर्बिक आम्लाच्या सौम्य द्रावणात बुडवा. कार्बोक्सिल गटांनी धरलेल्या आयनांपासून कण जागच्या जागी वाढतात. दुसरी वाट काइटोसानची. कोळंबीच्या सालींपासून मिळणारा हा पदार्थ आम्लयुक्त पाण्यात धनभारित असतो. 1 टक्का ॲसेटिक आम्लात 0.5 टक्का काइटोसान विरघळवून त्याचा थर प्लाझ्मा दिलेल्या कापडावर द्या, वाळवा, आणि त्यावर तुमचेच सायट्रेटवाले कण घ्या. आम्हाला ही वाट अधिक भरवशाची वाटते, कारण काइटोसान स्वतःही जिवाणूंना रोखतो.

आता पाण्याविषयी. किनाऱ्याजवळच्या विहिरीचे पाणी सिल्व्हर नायट्रेटला मुळीच चालत नाही. मिठातला क्लोराइड चांदीला धरतो, द्रावण दुधाळ होते आणि कापडापर्यंत पोचायच्या आत चांदी तळाशी बसते. नळाच्या पाण्यातही हे घडते. काम झाल्यावर उरलेले द्रावण मात्र मुद्दाम मीठ घालून असेच साकळवा आणि गाळून घ्या; मोरीत ओतू नका.

प्लाझ्माआधी कापड 60 अंशांवर, लिटरला 2 ग्रॅम नॉनआयॉनिक (विद्युतभार नसलेला) साबण घालून अर्धा तास धुवा. गिरणीतले तेल राहिले तर प्लाझ्मा तेलावरच खर्ची पडतो. छोट्या चेंबरमध्ये 0.3 मिलिबार दाब, 50 ते 100 वॅट आणि दोन-तीन मिनिटे ही चांगली सुरुवात आहे. वेळ वाढवून फायदा होईलच असे नाही: पृष्ठभागावरच्या साखळ्या तुटून सैल थर तयार होतो, आणि तो कणांसकट धुऊन जातो. बाहेर काढल्याबरोबर पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो क्षणात पसरला पाहिजे. पुढची पायरी त्याच दिवशी, जमल्यास तासाभरात उरका; तयार झालेले गट हळूहळू आत वळतात आणि आठवड्याने तोच थेंब पुन्हा उभा राहू लागतो.

प्रश्न : आमच्या हॉटेलच्या सुती टॉवेलांना असे कोटिंग करून घ्यावे का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : आमच्या मते नको. रोज धुतल्या जाणाऱ्या टॉवेलावर क्लोरीनचे ब्लीच पडते, त्यात चांदीचे सिल्व्हर क्लोराइड होते, आणि पांढरा टॉवेल आधी पिवळट, मग करडा दिसू लागतो. गरम पाण्याची धुलाई आणि पुरेसे वाळवणे यावर खर्च करा. कोटिंग शोभते ते क्वचित धुतल्या जाणाऱ्या कापडावर, उदाहरणार्थ इस्पितळातले पडदे. शिवाय सुताला निर्वात चेंबर जड जातो. 65 टक्के आर्द्रतेच्या हवेत सुतात साडेआठ टक्के ओलावा असतो, पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्काही नाही. पावसाळ्यात तर पंप बराच वेळ हा ओलावाच ओढत राहतो.

प्रश्न : ‘99 टक्के जिवाणूरोधक’ लेबलाच्या कापडाला जुलैत बुरशी धरली. लेबल खोटे का? (एक वाचक, वास्को)

उत्तर : खोटेच असेल असे नाही. असे आकडे सहसा एएटीसीसी 100 (एएटीसीसी ही कापड-रसायनतज्ज्ञांची अमेरिकी संस्था) किंवा आयएसओ 20743 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीतून येतात आणि त्या जिवाणूंच्याच असतात. बुरशीसाठी एएटीसीसी 30 ही वेगळी चाचणी आहे. विक्रेत्याकडे तिचा अहवाल मागा, आणि आकडा किती धुलायांनंतरचा आहे तेही विचारा.