'कोतोव्स्की' : किती खरा, किती रंगवलेला?

'कोतोव्स्की' हा सोव्हिएत सिनेमा पाहिल्यावर तुम्ही विचारलंत, रशियन यादवी युद्धातला हा लाल (बोल्शेविक) सेनानी खरंच असा होता, की सगळा प्रचार? प्रचार आहेच. पण सिनेमा १९४२ चा आहे हे आधी लक्षात घ्या. जर्मन फौजा तेव्हा व्होल्गापर्यंत आल्या होत्या आणि मॉस्को-लेनिनग्राडचे स्टुडिओ बाडबिस्तरा घेऊन कझाकस्तानातल्या अल्मा-आताला हलले होते. तिथेच दिग्दर्शक फाइन्त्सिमरने हा केला. संगीत चक्क नामवंत रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हचं!

नायक म्हणून हाच का निवडला? तो बेसाराबियाचा, म्हणजे साधारण आजच्या मोल्दोव्हाचा. १९४१ मध्ये जर्मनीच्या जोडीने उतरलेल्या रोमानियाने तो मुलूख परत घेतला होता. कोतोव्स्कीचं शव लेनिनसारखं जतन करून युक्रेनमधल्या बिर्झुलात ठेवलं होतं, ते स्मारकही रोमानियन सैन्याने मोडून टाकलं. त्यामुळे तेव्हाच्या प्रेक्षकाला ही जुनीपुराणी गोष्ट वाटलीच नसणार.

खरा माणूस मात्र पडद्यावरच्यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा. मुळात दरोडेखोर. जमीनदारांना लुटायचा. १९१६ मध्ये ओडेसात फाशीची शिक्षा झाली, ती कमी झाली आणि पुढच्या वर्षी क्रांतीने सोडवलं. १९२१ मध्ये रशियातल्या तांबोवला शेतकऱ्यांचं बंड पेटलेलं असताना याने आपल्या घोडेस्वारांना कोसॅकांचा वेश चढवला, स्वतः त्यांचा सरदार 'अतामान फ्रोलोव्ह' बनला आणि बंडखोरांच्या म्होरक्यांना बैठकीला बोलावून तिथेच गोळ्या घातल्या. ऐन वेळी त्याचं पिस्तूल उडेना, तोही जखमी झाला. याला शौर्य म्हणायचं की दगा, हे तुम्ही ठरवा; मला तरी दगाच वाटतो. मरणही रणांगणावर नाही: १९२५ मध्ये ओडेसाजवळ मेयर झायडर या ओळखीच्याच माणसाने गोळी घातली. का, यावर अजून वाद आहेत.

कोतोव्स्की झालेल्या मोर्दव्हिनोव्हचं काम थोडं नाटकी आहे (माणूस रंगभूमीचाच), पण तुळतुळीत डोकं आणि तो आवाज! तेवढ्यासाठी तरी पाहण्यासारखा.

या जातकुळीतलं आणखी हवं असेल तर 'अलेक्सांद्र पार्खोमेंको' बघा, तोही १९४२ चा. त्यात युक्रेनचा अराजकवादी बंडखोर नेता माख्नो झालेला चिरकोव्ह नायकाला खाऊन टाकतो. आणि १९४१ चा 'चापायेव्ह आमच्यासोबत' हा छोटासा प्रचारपट चुकवू नका. १९३४ च्या 'चापायेव्ह' सिनेमात उरल नदीत बुडालेला यादवी युद्धातला लाल सेनानी चापायेव्ह यात पोहत पैलतीराला लागतो आणि थेट जर्मनांविरुद्ध लढायला सैनिकांना चेतवतो.