मेपलचा हंगाम आवरताना

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात एप्रिलात रात्रीचं पाणी गोठेनासं झालं, मेपलच्या झाडाच्या कळ्या फुगल्या, की पाकासाठी त्याचा रस काढणं आवरतं घे. त्यानंतरच्या रसाला उग्र वास येतो. कितीही आटवलास तरी सरपण फुकट. चाळीस लिटरांतून जेमतेम लिटरभर पाक निघतो, त्यामुळे मोह होतोच म्हणा.

रसासाठी खोडाला भोक पाडून बसवलेल्या तोट्या लगेच काढ. भोकात बूच, मेण काही कोंबू नकोस, झाड आपली जखम आपणच भरून काढतं. पुढच्या वर्षी नवं भोक जुन्यापासून लांब पाड.

कढईच्या तळाला धरलेला खर तारेच्या घासणीनं खरवडायचा नाही. पाण्यात व्हिनेगर घालून रात्रभर भिजत ठेव, सुटून येतो. साबण नकोच, त्याचा वास पुढच्या पाकात उतरतो. बादल्या कढत पाण्यानं धुऊन खडखडीत वाळव.