वाचक विचारतात: हातची काच, प्रवासातली खरेदी

मे महिन्यात आम्ही दोघे व्हेनिसला जात आहोत. मुरानोची काच आणायची खूप इच्छा आहे, पण तिथे बाहेरचा माल मुरानोच्या नावाने खपवतात असे ऐकले. खरी वस्तू ओळखायची कशी?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

ऐकलेत ते खरे आहे. दुकानदाराला विचारून वस्तू हातात घ्या आणि आधी उलटी करा. नळीने फुंकलेल्या भांड्याचे तोंड घडवायचे तर ते बुडाकडून लोखंडी सळईला चिकटवून धरावे लागते. काम संपले की हलका ठोका देऊन सळई सोडवतात आणि तिथे खरखरीत व्रण राहतो. चांगले कारागीर तो घासून काढतात. मग बुडाच्या मधोमध उथळ वाटीसारखा गुळगुळीत खळगा बोटाला लागतो. साच्यात दाबलेल्या मालाला हा व्रण नसतो, उलट अंगावर बुडापासून काठापर्यंत सरळ उभ्या रेषा दिसतात. बुडबुडे दिसले म्हणजे काच हातची, ही समजूत मात्र सोडून द्या. बुडबुडे मुद्दाम घालताही येतात आणि मुरानोच्या उत्तम कामात ते क्वचितच असतात.

रंगीत फुलाफुलांची नक्षी असेल तर ती उजेडात तिरकी धरून पाहा. रंगीत कांड्यांचे काप वितळत्या काचेत बसवून ही नक्षी करतात, त्यामुळे फुलाला खोली असते आणि दोन फुले तंतोतंत सारखी नसतात. चिकटवलेल्या छापाची कड नखाला लागते. सोन्याचा वर्खही काचेच्या आत हवा. काच ताणली जाताना तो फाटून त्याचे बारीक कण झालेले दिसतात. वरून दिलेला सोनेरी रंग सलग दिसतो आणि वापरात घासला जातो.

पण एवढ्याने वस्तू हातची आहे इतकेच कळते, ती मुरानोची आहे हे कळत नाही. हाताने फुंकलेली काच चीनमध्येही होते आणि आपल्याकडेही. गावाची खात्री कागदावरच मिळते. आगीच्या भीतीने व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी १२९१ साली काचेच्या भट्ट्या शहरातून मुरानो बेटावर हलवल्या. त्या नावाच्या रक्षणासाठी व्हेनेतो प्रांताने १९९४ साली कायदा करून ‘वेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ हे चिन्ह आणले. त्याच्या चिकटपट्टीवर भट्टीचा क्रमांक असतो. सगळ्याच भट्ट्यांनी हे चिन्ह घेतलेले नाही, म्हणून पट्टी नसली की वस्तू खोटीच, असे धरू नका. अशा वेळी बिलावर भट्टीचे नाव, कामाची पद्धत आणि ‘मुरानोत घडवलेले’ असे स्पष्ट लिहून मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर वस्तू ठेवून द्या. नुसते ‘मुरानो स्टाईल’ किंवा ‘मेड इन इटली’ लिहिले असेल तर ते पुरेसे नाही.

फोंदामेन्ते नोवेच्या धक्क्यावरून ४.१ किंवा ४.२ क्रमांकाची बोट मुरानोला जाते. बेटावर काचेचे संग्रहालय आहे. ते खरेदीच्या आधी पाहा, डोळा तयार होतो. एकाच दुकानात ७० युरोंहून जास्त खरेदी झाली तर पासपोर्ट दाखवून करपरताव्याचा फॉर्म घ्या. विमानतळावर बॅगा देण्याआधी फॉर्म आणि वस्तू कस्टम्सला दाखवाव्या लागतात.

सहलीत घेतलेली फुंकलेल्या काचेची फुलदाणी शोकेसमध्ये ठेवली होती. कुणी हात लावला नाही, तरी आठवड्याने बुडापासून तडा गेला. असे का झाले?
– एक वाचक, नेरूळ

ती नीट निववलेली नव्हती. घडवताना काच साधारण ११०० अंशांच्या आसपास असते. वरचा थर आधी थंड होऊन आवळतो, आतला मागे राहतो आणि हा ताण काचेत कोंडून बसतो. म्हणून तयार वस्तू ५०० अंशांच्या आसपास तापवलेल्या बंद भट्टीत ठेवून हळूहळू निववतात. पातळ पेल्याला एक रात्र पुरते, जाड शोपीसला काही दिवसही लागतात. घाई झाली की ताण आत राहतो. बूड जाड आणि अंग पातळ असते, म्हणून तडा बहुधा तिथूनच सुरू होतो. तुमच्याकडून काहीच चुकलेले नाही.

घेण्याआधी हे तपासता येते. लॅपटॉपच्या साध्या एलसीडी पडद्यावर कोरे पांढरे पान उघडा. पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा आणि मध्ये फुलदाणी धरा. नीट निवलेली काच काळीच राहते, फार तर कुठे फिकट राखाडी झाक दिसते. इंद्रधनुष्यासारखे गडद पट्टे उमटले तर ती घेऊ नका. गडद रंगाच्या काचेत हे दिसत नाही. तिथे बूड आणि अंग यांच्या जाडीत फार फरक नाही ना, एवढे पाहा.

मुलीच्या लग्नासाठी आग्र्याहून पुढे फिरोजाबादला जाऊन बांगड्या घ्याव्यात का?
– एक वाचक, वाशी

आग्र्याला जाणारच असाल तर जरूर जा. फिरोजाबाद तिथून साधारण ४० किलोमीटरवर आहे आणि तिथल्या काचकामाला भौगोलिक मानांकनही आहे. तापलेल्या काचेची तार फिरत्या रुळावर गुंडाळतात, ती उभी कापून एकेक वळे सुटे करतात आणि मग ज्योतीवर टोके जुळवतात. बांगडीवरून नख फिरवा, सांधा लागेल. तो असणारच, पण खाचेसारखा टोचला तर बांगडी तिथूनच वाढणार. एक डझन सपाट आरशावर ठेवा. डुगडुगणाऱ्या बाजूला काढा. सोनेरी नक्षीवर ओला रुमाल घासून बघा.

मापात इंचाचे सोळा भाग धरतात. दोन-चार म्हणजे आतून सव्वादोन इंच. हिरव्या चुड्याचा सगळा माल एकाच वेळी घ्या. प्रत्येक खेपेला हिरवा थोडा वेगळा उतरतो आणि मागाहून आणलेला डझन हातात उठून दिसतो. वाढतील म्हणून एक डझन जास्तच घ्या.

प्रागच्या क्रिस्टलवर टिचकी मारून आवाज ऐकायचा, एवढे पुरते का?
– एक वाचक, ऐरोली

नाही. घणघणत राहणारा आवाज काचेतल्या शिशामुळे येतो. हाताच्या कामाशी त्याचा संबंध नाही. ‘लेड क्रिस्टल’ म्हणवण्यासाठी युरोपीय नियमाप्रमाणे किमान २४ टक्के लेड ऑक्साइड लागते. हाताची कटाई कडेवरून ओळखा: कड धारदार असते आणि रेषा जिथे मिळतात तिथे केसभर फरक सापडतो. दाबून काढलेल्या नक्षीच्या कडा वापरलेल्या साबणासारख्या बोथट असतात. शिशाच्या भांड्यात पेय साठवून ठेवू नका.

विमानातून फुटू न देता कसे आणावे?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

लहान वस्तू हातातल्या बॅगेत आणा. पाणी भरलेला काचेचा गोळा असेल तर तो द्रवाच्या नियमात अडकतो, तो सामानात द्या. भांड्याच्या आत मऊ कागद सैलसर भरा, दाबून भरलात तर तोच आतून फोडतो. दांडा, चोच, कान वेगळे गुंडाळा. मग बबल रॅपचे तीन थर, खोके आणि चहूबाजूंनी निदान पाच सेंटिमीटर भरण. दोन काचा एकमेकींना टेकू देऊ नका. खोके बॅगेच्या मधोमध, कपड्यांत ठेवा.

घरी आल्यावर काच लगेच गरम पाण्याने धुऊ नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. आणि पावसाळ्याआधी कागदातून बाहेर काढा. आपल्या दमट हवेत ओलसर कागदात माळ्यावर राहिलेल्या काचेतले क्षार बाहेर येतात. तो पांढुरका धूसरपणा मुरला की धुऊनही जात नाही.