लिख्टेनस्टाइनसारखा चिमुकला देश हिवाळी ऑलिंपिकमध्ये पदकं कशी मिळवतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जेमतेम ४० हजार वस्तीच्या लिख्टेनस्टाइनच्या नावावर हिवाळी ऑलिंपिकची पदकं आहेत, आणि अख्खा हिमालय आपल्याकडे असून आपली पाटी कोरी, हे कसं काय?

दरडोई पदकांचा तक्ता बघून हा प्रश्न पडला असावा. तक्ता काही खोटा नाही. फक्त त्यात 'देश' लिहिलंय तिथे 'दोन घरं' असं वाचा, म्हणजे अर्धा उलगडा तिथेच होतो.

१९७६ ते २०१८ या काळात त्यांनी १० पदकं मिळवली. २ सुवर्ण, २ रौप्य, ६ कांस्य. सगळीच्या सगळी अल्पाइन स्कीइंगमधली, म्हणजे डोंगरउतारावरून सुसाट खाली येण्याच्या शर्यतींमधली. त्यातली ४ एकट्या हान्नी वेंझेलची, २ तिच्या भावाची, आंद्रेयासची, आणि एक हान्नीच्या मुलीचं, टीना वाइराथरचं. विली आणि पॉल या फ्रोमेल्ट भावांचं एकेक. उरलं ते उर्सुला कोन्झेटचं, १९८४ सालचं. संपली यादी! उन्हाळी ऑलिंपिकमध्ये मात्र आजवर भोपळा.

त्यात हान्नी जन्माने तिथली नव्हेच. जन्म जर्मनीतल्या बव्हेरियातला, लहान असतानाच घरच्यांबरोबर लिख्टेनस्टाइनला आली. १९७४ मध्ये सेंट मॉरिट्झच्या जागतिक स्पर्धेत स्लालम (रोवलेल्या खांबांमधून नागमोडी वळणं घेत उतरायची शर्यत) जिंकली आणि त्यानंतर तिला तिथलं नागरिकत्व मिळालं. मग १९७६ च्या इन्सब्रुकमध्ये कांस्य, आणि १९८० मध्ये लेक प्लॅसिडला कमालच केली. डाउनहिलमध्ये (सगळ्यात वेगवान शर्यत) रौप्य, जायंट स्लालममध्ये (खांब जास्त अंतरावर असलेली स्लालम) सुवर्ण, स्लालममध्ये सुवर्ण. पुरुषांच्या जायंट स्लालममध्ये आंद्रेयास दुसरा आला, आणि पुढे होता तो स्वीडनचा इंगेमार स्टेनमार्क, त्या काळचा या खेळातला बादशहा, त्यामुळे त्यात हार कसली. त्या वर्षीच्या पदकतक्त्यात लिख्टेनस्टाइन सहावं होतं. वर सोव्हिएत संघ, पूर्व जर्मनी, अमेरिका, ऑस्ट्रिया आणि स्वीडन. खाली फिनलंड, नॉर्वे, स्वित्झर्लंड. नॉर्वे खाली! हान्नीची जन्मभूमी पश्चिम जर्मनी तर एकाही सुवर्णाशिवाय घरी गेली. तेव्हा लिख्टेनस्टाइनची लोकसंख्या होती २५ हजारांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेतलं आपलं लोणावळा त्याच्या दुपटीहून मोठं भरतं. त्याच मोसमात विश्वचषकाचं, म्हणजे मोसमभर चालणाऱ्या शर्यतींच्या मालिकेचं, एकूण विजेतेपद महिलांमध्ये बहिणीने आणि पुरुषांमध्ये भावाने पटकावलं.

आता हे जमतं कसं, ते सांगतो. मी कामानिमित्त पलीकडे स्वित्झर्लंडमध्ये राहतो, त्यामुळे तिकडे जाणं-येणं असतं. राजधानी वाडुझहून बस वळणं घेत डोंगरावरच्या ट्रीझेनबर्ग गावाला चढते, बोगद्यातून पलीकडच्या खोऱ्यात निघते आणि सुमारे १,६०० मीटरवरच्या माल्बुनला सोडते. देशातलं अल्पाइन स्कीइंगचं ठिकाण म्हणजे हे एवढंच. स्कीअरना उतारावर वर नेणाऱ्या मोजक्या लिफ्टा, थोडी हॉटेलं. बसमध्ये शाळकरी पोरं पायात ते अवजड बूट घालूनच बसलेली असतात. उतरली की ठकठक करत थेट बर्फावर. सगळ्यात धाकटी, ज्यांना धड पळताही येत नाही अशी, सरकत्या पट्ट्यावरून वर जातात, घसरत खाली येतात, पुन्हा रांगेत उभी. आपल्याकडे शाळा सुटल्यावर क्रिकेट, तसंच. बर्फात खेळायला सुट्टी काढून लांब कुठे जावं लागत नाही, हा पहिला फायदा.

दुसरा फायदा शेजाऱ्यांचा. एका बाजूला स्वित्झर्लंड, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रिया, दोन्ही या खेळातले दादा. मोठे उतार, मोठ्या शर्यती, सगळं काही तासांच्या अंतरावर. स्वित्झर्लंडबरोबर तर १९२४ पासून जकात एक, चलनही स्विस फ्रँकच.

तिसरा फायदा सहसा कोणी सांगत नाही. ऑलिंपिकमध्ये अल्पाइनच्या एका शर्यतीत एका देशाचे जास्तीत जास्त चारच खेळाडू उतरू शकतात. ऑस्ट्रियात पाचव्या-सहाव्या नंबरचा स्कीअर जगातल्या पहिल्या वीसात असला तरी त्याला घरी टीव्हीवर बघत बसावं लागतं. लिख्टेनस्टाइनमध्ये तशी गुणवत्ता असलेल्या पोराला संघात जागेसाठी कोणाशी भांडावं लागत नाही. जागा रिकामीच असते.

पण रिकाम्या जागेची दुसरी बाजू अशी की एक माणूस गेला की मागे कोणी नसतं. १९८४ च्या सारायेव्होला हान्नीला उतरताच आलं नाही. जाहिरातीचे पैसे संघटनेमार्फत न घेता थेट घेतले म्हणून ती आणि स्टेनमार्क दोघंही हौशी खेळाडूंच्या नियमात बसले नाहीत. (त्या काळच्या या नियमांइतका दांभिक प्रकार खेळात दुसरा नसेल, असं माझं मत.) त्या वर्षी कोन्झेट आणि आंद्रेयासने दोन कांस्यं आणली, १९८८ ला कॅलगरीत पॉल फ्रोमेल्टने एक. आणि मग तीस वर्षं काही नाही. बर्फ तोच, शेजारी तेच, माल्बुन तेच, पण पदक नाही.

टीनाचं उदाहरण बघा. आई हान्नी, वडील ऑस्ट्रियाचे हार्टी वाइराथर, १९८२ चे डाउनहिलचे जगज्जेते. २०१० च्या व्हँकूव्हरच्या तोंडावर गुडघा गेला. २०१४ ला सोचीत उद्‌घाटनाला देशाचा झेंडा तिच्या हातात होता, पण सरावातच पडली आणि एकही शर्यत न खेळता परतली. शेवटी २०१८ ला प्याँगचांगमध्ये सुपर-जीत (डाउनहिल आणि जायंट स्लालम यांच्या मधली शर्यत) कांस्य मिळालं. पहिली आलेली चेक प्रजासत्ताकाची एस्टर लेडेत्स्का आणि टीना यांच्यात अंतर होतं ०.११ सेकंदाचं. २०२० मध्ये टीना निवृत्त झाली.

झेंड्यावरून आठवलं. १९३६ ला बर्लिनच्या उन्हाळी ऑलिंपिकमध्ये यांच्या लक्षात आलं की आपला आणि हैतीचा झेंडा अगदी सारखा आहे. पुढच्या वर्षी निळ्या पट्टीवर मुकुट आला, तो अजून आहे.

राहिला हिमालय. डोंगर उंच असून भागत नाही, घरापासून लिफ्टपर्यंत रोज पोचता यायला हवं. आपल्याकडे गुलमर्ग आणि औली सोडले तर तशा सोयीच्या जागा फार नाहीत. २०२२ च्या बीजिंगला भारताचा अख्खा संघ म्हणजे गुलमर्गजवळचा एकटा आरिफ खान. जायंट स्लालममध्ये तो ४५ वा आला. घरचं स्कीच्या सामानाचं दुकान होतं म्हणून तो लहानपणी बर्फावर आला. म्हणजे तिथेही पुन्हा घरच.