ब्रश ओला होता

मुलाच्या आईंनी आधी टेबलावर वही ठेवली आणि मग त्या खुर्चीत बसल्या. शंभरपानी वही, पट्टीने आखलेले रकाने. रोजचे पाच चौकोन: उठल्यावर, न्याहारीनंतर, मधल्या सुट्टीत, शाळेतून आल्यावर, रात्री. दोन महिन्यांचे सगळे चौकोन बरोबरच्या खुणांनी भरलेले, एकही रिकामा नाही.

"मॅडम, मला फक्त आकडा सांगा. तारा लावल्यावर दात दिवसातून कितीदा घासायचे? डॉक्टर म्हणतात किमान दोनदा, कुठे वाचलं तर प्रत्येक खाण्यानंतर, माझी बहीण म्हणते पाचदा. मी पाचचा धरलाय. तरी हे असं का झालं?"

तेरा वर्षांचा मुलगा शेजारी ओठ घट्ट मिटून बसला होता. चार महिन्यांपूर्वी त्याच्या दातांना तारा बसल्या होत्या. त्या दिवशीच्या तपासणीत वरच्या दोन दातांवर, हिरडी आणि ब्रॅकेट (तार धरून ठेवणारा, दातावर चिकटवलेला छोटा ठोकळा) यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत, खडू घासल्यासारखे पांढरे डाग दिसले. डॉक्टरांनी त्याच्या हातात आरसा देऊन ते दाखवले आणि म्हणाले, असंच चाललं तर तारा मध्येच काढाव्या लागतील. त्यावरून तपासणीच्या खुर्चीतच मायलेकांची जुंपली. "तू घासतच नाहीस." "घासतो. वहीत बघ." दातांच्या दवाखान्यात समुपदेशक कशाला, असं मला पुष्कळ जण विचारतात. ते अशासाठी. (ओळख लागू नये इतपत तपशील बदलले आहेत.)

आकडा मी त्यांना लगेच सांगितला, कारण त्यात गुपित काही नाही. दोनदा नीट, त्यातलं एक झोपण्याआधीचं, आणि ते चुकवायचं नाही. जमलं तर दुपारच्या खाण्यानंतर तिसरं. मधल्या खाण्यांनंतर पाण्याने खळखळून चूळ भरली तरी चालतं. दंतवैद्य 'प्रत्येक जेवणानंतर' म्हणतात तेही चूक नाही, कारण तारांमध्ये अन्न अडकून बसतं आणि नुसत्या जिभेने ते निघत नाही. फक्त काही आंबट खाल्लं-प्यायलं असेल तर लगेच ब्रश हातात घ्यायचा नाही. आम्लाने दाताचा वरचा थर तेवढ्यापुरता मऊ पडलेला असतो. चूळ भरून अर्धा तास थांबायचं.

"पण हा तर पाचदा घासतो!" आई म्हणाल्या.

मी मुलाकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. मी आईंना थोडा वेळ बाहेर बसायची विनंती केली.

अशा वेळी 'घासतोस की नाही' हा प्रश्न मी विचारत नाही. त्याला एकच उत्तर येतं आणि ते वहीत होतंच. मी विचारलं, "मधल्या सुट्टीत खाऊन झाल्यावर काय करतोस?" बराच वेळ दातखीळ बसल्यासारखा गप्प. मग तुटक तुटक आलं. पहिल्या आठवड्यात तो ब्रश घेऊन शाळेच्या नळाशी उभा होता. तोंडात फेस, तारेत अडकलेला घास, आणि मागून वर्गातल्या कुणीतरी त्याला एक नाव ठेवलं. ते नाव इथे लिहीत नाही, त्याला ते अजूनही आवडत नाही. त्या दिवसापासून ब्रश दप्तराबाहेर निघाला नाही. हसताना ओठ मिटलेले, वाचनाचा तास आला की मागचं बाक.

"आणि घरी?"

"घरी आई ब्रशला बोट लावून बघते, ओला आहे का. मग मी तो ओला करतो."

हे सांगताना त्याचा आवाज ओशाळलेला नव्हता, थकलेला होता. दिवसातून पाच वेळा कुणी बोट लावून तपासत असेल, तर घासण्यापेक्षा ब्रश ओला करणं सोपं पडतं. नळ सोडायला तीन सेकंद पुरतात. तारा असलेले दात नीट घासायला तीन-चार मिनिटं लागतात. एरवी दोन मिनिटं सांगतात, पण इथे प्रत्येक दातावर एक अडथळा चिकटवलेला असतो. पाच पूर्ण वेळा म्हणजे रोजची पंधरा-वीस मिनिटं. मोठी माणसंही यात कुठेतरी हात आखडता घेतील. रात्रीचंही तो बहुतेक अर्धवटच उरकायचा, कारण रात्रीची वेळ म्हणजे अभ्यास संपून डोळे मिटायला लागल्याची वेळ.

ही गोष्ट मी आईंना सांगितली नाही. त्याने सांगावी की नाही हे त्याच्यावर सोडलं. डॉक्टरांकडून मात्र कीट दाखवणाऱ्या रंगाच्या दोन गोळ्या मागून घेतल्या. गोळी चघळायची, लाळेबरोबर तोंडभर फिरवायची, थुंकायची. दातावर जिथे जिवाणूंचा चिकट थर असतो तिथे रंग धरतो. आमच्याकडची गोळी ताज्या थराला गुलाबी आणि जुन्या थराला जांभळा रंग देते. मुलगा आरशासमोर उभा राहिला आणि पहिल्यांदाच त्याने तोंड पूर्ण उघडलं. दातांचे मधले भाग बऱ्यापैकी स्वच्छ होते. प्रत्येक ब्रॅकेटभोवती आणि हिरडीच्या काठाने मात्र जांभळी चौकट आखलेली. "ब्रॅकेटवर नाहीये, बाजूला आहे," तो स्वतःशीच म्हणाला. डॉक्टरांनी दोन वाक्यांत जे सांगितलं होतं ते त्याला तिथे दिसलं. तारा काढल्यावर दातावर पांढरी चौकट उरते ती याच जागी: ब्रॅकेटखालचा दात झाकलेला राहतो आणि त्याच्या भोवतीच्या भागातली खनिजं निघून जातात.

दुसरी गोळी आईंनी चघळली. हे माझ्या डोक्यात नव्हतं. मुलाने ती त्यांच्यापुढे धरली आणि त्यांना नाही म्हणता आलं नाही. त्यांच्या खालच्या दातांच्या आतल्या बाजूला जांभळी पट्टी उमटली. दोघंही हसले, मुलगा तोंड न मिटता.

यानंतर मी वहीकडे पुन्हा वळले आणि आईंना म्हणाले, ताई, यात एक रकाना राहून गेलाय. हा दिवसातून किती वेळा खातो-पितो, तो.

मला स्वतःला हा भाग दात घासण्याच्या आकड्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो आणि पालक नेमका तोच विचारत नाहीत. कीटातले जिवाणू साखर खातात आणि आम्ल सोडतात. दाताजवळचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप; जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या थरातली खनिजं विरघळायला लागतात. लाळ हळूहळू ते आम्ल निवळवते आणि खनिजं परत भरते, पण त्याला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. एकदाच पोटभर गोड खाल्लं तर दातावर एक हल्ला होतो. तेच गोड पेय तासभर घोट-घोट घेतलं तर प्रत्येक घोटाला घड्याळ पुन्हा शून्यावर येतं आणि लाळेला सावरायला उसंत मिळत नाही. ब्रॅकेटच्या आडोशाला तर लाळ आणि जीभ नीट पोचतही नाहीत. असे पांढरे डाग तारा बसल्यानंतर महिनाभरातही दिसू शकतात, ते यामुळे.

आता बोलायची पाळी मुलाची होती. शाळेतून आल्यावर तो गोड पेयाची बाटली अभ्यासाच्या टेबलावर ठेवायचा. ती रात्रीच्या जेवणापर्यंत पुरायची. बाटली आईच भरून द्यायच्या, थकून येतो म्हणून. त्यांचा चेहरा पडला. मी घाईने म्हणाले, यात तुमची चूक काढायची नाहीये, कुणी विचारलंच नव्हतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी वहीतल्या तीनशे खुणांपेक्षा ती एक बाटली जास्त बोलकी होती.

मग आम्ही तिघांनी बसून ठरवलं. बाटलीत पाणी. गोड प्यायचंच असेल तर जेवणाबरोबर, एका बैठकीत. शाळेत ब्रश न्यायचा नाही. खाऊन झालं की नळावर तीन-चार दणदणीत चुळा, त्याला कुणी नाव ठेवत नाही. रात्रीचं घासणं झोपेच्या तोंडावरून उचलून जेवणानंतर लगेच आणलं, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. रात्रीच्या वेळेबद्दल मी हटून बसते. झोपेत लाळ फार कमी होते. दिवसभर जी राखण चालते ती रात्री जवळजवळ बंद असते, आणि दातावर थर ठेवून झोपलं तर जिवाणूंना सहा-आठ तास रान मोकळं.

कसं घासायचं ते डॉक्टरांच्या मदतनीस ताईंनी शिकवलं. मऊ, लहान डोक्याचा ब्रश. आधी ब्रॅकेटच्या वरची पट्टी, ब्रश हिरडीकडे तिरका धरून, छोट्या गोल हालचालींनी. मग ब्रॅकेटच्या खालची पट्टी, खालून वर तिरका. मग ब्रॅकेटचा माथा, मग आतली बाजू. तारेच्या मागे नुसत्या ब्रशाने काही होत नाही. तिथे फटीत घालायचा बारीक, बाटली धुवायच्या ब्रशासारखा दिसणारा ब्रश लागतो. तो मुलाला भलताच आवडला, खेळण्यासारखा. पेस्ट फ्लोराइडची हवी. घासून झाल्यावर फेस थुंकायचा, पण पाण्याने तोंड खंगाळून काढायचं नाही, म्हणजे थोडं फ्लोराइड दातावर राहतं. हे बहुतेकांना नवीन असतं आणि सुरुवातीला नकोसंही वाटतं. हिरड्यांतून रक्त आलं तर घासणं थांबवायचं नसतं, बहुतेकदा ते थर साचल्याचंच लक्षण असतं. नीट घासायला लागल्यावर आठ-दहा दिवसांत थांबलं नाही तर दाखवायचं. तारा ब्रशाचे केस लवकर पिंजतात, त्यामुळे तीन महिन्यांची वाट न बघता केस फाकले की ब्रश बदलायचा.

आणि वही? ती बंद करायला आईंना सगळ्यात जड गेलं. "मग मला कळणार कसं?" प्रश्न रास्त होता. त्यावर तोड मुलानेच काढली: दर रविवारी एक रंगाची गोळी, आरशासमोर, दोघांनी मिळून. रंग दिसला तर तिथे पुन्हा घासायचं, न ओरडता. मधल्या सहा दिवसांत 'ब्रश केलास का' विचारायचं नाही आणि ब्रशला बोट लावायचं नाही. बोटाचा उल्लेख त्याने स्वतः केला. आई क्षणभर थबकल्या, त्यांना कळलं असावं. त्या काही बोलल्या नाहीत, आणि मला त्यांचं हे न बोलणं फार आवडलं.

सगळ्यांची अडचण घासायचा कंटाळा हीच नसते. त्याच सुमारास माझ्याकडे एक तिशीतल्या बाई येत होत्या. त्यांनाही तारा होत्या, आणि त्या दिवसातून सात-आठ वेळा दात घासायच्या. कार्यालयात दर बैठकीआधी एकदा, कडक केसांच्या ब्रशाने, जोर लावून. तोंडाला वास येईल, तारेत काही अडकलेलं समोरच्याला दिसेल, या धास्तीने. दात स्वच्छ होते, पण हिरड्या खाली सरकू लागल्या होत्या आणि दातांच्या मुळाशी गार पाणी लागलं की कळ यायची. त्यांच्या बाबतीत मी आकडा खाली आणला: तीनदा, मऊ ब्रश, ब्रश मुठीत न धरता बोटांत धरायचा म्हणजे जोर आपोआप कमी होतो. बैठकीआधी फक्त चूळ आणि आरशात एक नजर. ती एक नजर एकावर ठेवायला त्यांना अडीच महिने लागले. तीच खरी कसरत होती, आणि तिचं ब्रशाशी काही देणंघेणं नव्हतं.

मुलाचं पुढे सरळ रेषेत गेलं असं नाही. परीक्षेच्या महिन्यात दोन रविवार गोळी राहिली, एक ब्रॅकेट सुटला, त्यावरून पुन्हा वादावादी झाली आणि दोघं पुन्हा माझ्या खोलीत. पण पांढरे डाग वाढले नाहीत. एक बराच पुसट झाला, दुसरा अजूनही आहे. उजेडात नीट बघितलं तर दिसतो. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की खनिजं परत भरली तरी काही डाग पूर्ण जात नाहीत. मुलगा त्याला 'माझा बाटलीचा डाग' म्हणतो.

पावणेदोन वर्षांनी तारा निघाल्या. त्या दिवशी दोघं माझ्या दाराशी डोकावले. मुलगा सारखी जीभ दातांवरून फिरवत होता. तारा निघाल्यावर सगळेच तसं करतात, दात एकदम गुळगुळीत आणि परके लागतात. त्याच्या हातात रिटेनरची, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर राहावेत म्हणून घालायच्या साच्याची, डबी होती. रिटेनर गार पाण्यात धुवायचा, गरम पाण्यात वाकतो, हे त्यानेच मला सांगितलं.

आई मागे उभ्या होत्या. "मॅडम, एकच विचारायचं होतं. हा रिटेनर दिवसातून नक्की किती तास घालायचा?"

त्यांचा हात पर्समध्ये गेला होता. वहीचा कोपरा मला दिसला.

"आई," मुलगा म्हणाला, "डॉक्टरांनी मला सांगितलंय."