‘आदिम’, ‘आदिवासी’ आणि पाटीवरचं ‘असत’

साताऱ्यातल्या एका शिक्षिकांनी विचारलंय: शाळेच्या छोट्या संग्रहालयात कातकऱ्यांचा मासे धरायचा बांबूचा सापळा ठेवलाय. खाली पाटी आहे, ‘आदिम जमातीचे साधन. हे लोक याने मासे पकडत असत.’ ‘आदिम’ बरोबर आहे का? की ‘वनवासी’, ‘मूलनिवासी’, ‘आदिवासी’?

बाई, ‘आदिम’ काढाच. ‘आदि’ दोन्हीकडे असलं तरी आदिवासी म्हणजे आधीपासून राहणारे. आदिम म्हणजे पहिल्याच अवस्थेत राहिलेले. एक शब्द भुईशी नातं सांगतो, दुसरा माणसाला खालच्या पायरीवर बसवतो. सर्वात दुर्बल जमातींच्या गटाला केंद्र सरकारने दिलेल्या इंग्रजी नावातून ‘प्रिमिटिव्ह’ (आदिम) हा शब्द २००६ मध्ये काढला, पण कातकरी, कोलाम, माडिया गोंड यांच्यासाठी मराठी कागदांत ‘आदिम जमाती’ अजून दिसतं. तिथूनच तो पाटीवर आला असणार.

‘वनवासी’ नको. वनवास आपल्याकडे भोगायचा असतो, आणि हे लोक तर घरीच आहेत. ‘मूलनिवासी’ महाराष्ट्रातल्या चळवळींत आदिवासींपलीकडच्या मोठ्या समाजासाठीही वापरतात, त्यामुळे घोटाळा होईल. ‘आदिवासी’ हा त्या लोकांनी स्वतः धरलेला शब्द आहे. संविधान सभेत आदिवासी नेते जयपाल सिंग मुंडा यांनी त्याचाच आग्रह धरला होता; संविधानात मात्र ‘अनुसूचित जमाती’ आलं. ९ ऑगस्टही आपल्याकडे ‘जागतिक आदिवासी दिन’ म्हणूनच साजरा होतो.

तरी पाटीवर आधी ‘कातकरी’ लिहा. कात करणारे ते कातकरी. खैराचं लाकूड उकळून कात काढणं हा त्यांचा जुना धंदा. वस्तूचं नावही त्यांचंच हवं. न्यूझीलंडच्या ‘ते पापा’ नावाच्या संग्रहालयात तिथल्या मूळच्या माओरी लोकांच्या वारशाच्या ठेव्याला इंग्रजी मजकुरातही ‘टाओंगा’च म्हणतात.

मला जास्त खुपलं ते ‘असत’. मराठीतला हा रीतिभूतकाळ म्हणजे पूर्वी चालायचं, आता नाही. सापळा विणणारी बाई तुम्हाला मागच्या पावसाळ्यात भेटली, असं तुम्हीच लिहिलंय. तिच्या विणीतल्या बांबूच्या काड्या फोटोत अजून हिरवट दिसतात! एवढ्या एका क्रियापदाने आपण तिला इतिहासात ढकललं.

तिच्याकडे पुन्हा जा. सापळ्याला काय म्हणता, पाटीवर तुमचं नाव घालू का, असं विचारा. मग लिहा: ‘कातकरी. मासे धरायचा बांबूचा सापळा. पावसाळ्यात ओढ्याला लावतात.’ आणि तिने सांगितलेलं सापळ्याचं नाव सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात.