घरी शिकलेल्या मुलीस, अर्जातल्या दहा नोंदींविषयी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची यादी मिळाली. शाळेत गेले नाही, त्यामुळे स्नेहसंमेलन नाही, एनसीसी नाही, स्पर्धेचे एखादे प्रमाणपत्रही नाही. मग अभ्यासेतर उपक्रमांच्या रकान्यात लिहू तरी काय, असे तू विचारतेस. तुझी यादी मी बारकाईने वाचली. तुझ्याकडे लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र ते तू अशा शब्दांत लिहिले आहेस की, गोंदिया जिल्हा कधीही न पाहिलेल्या वाचकाला त्यातून तुझे काम दिसणारच नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून सीयूईटी ही सामायिक प्रवेश परीक्षा आहे आणि तिथे सर्वसाधारण जागांसाठी गुण मोजले जातात. त्या अर्जांसाठी या यादीवर वेळ घालवू नकोस. यादीला खरे महत्त्व आहे ते अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांसाठी एकच भरायच्या ऑनलाइन अर्जात, म्हणजे कॉमन अ‍ॅपमध्ये, आणि आपल्याकडच्या अशोकासारख्या काही खासगी विद्यापीठांच्या अर्जांत.

कॉमन अ‍ॅपमध्ये जास्तीत जास्त दहा उपक्रम देता येतात. प्रत्येकासाठी तुझी भूमिका ५० अक्षरांत, संस्थेचे नाव १०० अक्षरांत आणि कामाचे वर्णन १५० अक्षरांत लिहायचे असते. मोकळ्या जागा आणि विरामचिन्हेसुद्धा त्यात धरली जातात. शिवाय आठवड्याचे तास, वर्षातले आठवडे आणि नववी ते बारावीपैकी कोणत्या इयत्तांत ते काम केले, हे सांगावे लागते. तू एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, थेट परीक्षा देत असल्याने तुला नववी-अकरावी अशा पायऱ्या नाहीत. तेव्हा उच्च माध्यमिक परीक्षा ज्या वर्षी पूर्ण होईल ते बारावीचे वर्ष धर आणि तेही मोजून मागची चार वर्षे घे. हीच गणना आई तयार करील त्या गुणपत्रकातही असू दे, म्हणजे दोन कागदांत विसंगती राहणार नाही.

आता तुझी पहिली नोंद घेऊ. तू लिहिलेस, ‘सारस पक्षीनिरीक्षण, निसर्गाची आवड, पर्यावरण जनजागृती.’ यातली आवड कोणालाही लिहिता येते आणि जनजागृती म्हणजे नेमके काय केले, ते कळत नाही. पण तू पाठवलेल्या वहीच्या छायाचित्रांत काय आहे, ते पाहा. रोवणीनंतर, म्हणजे धानाची रोपे लावून झाल्यावर, पाण्याने भरलेल्या बांधीत (धानाच्या वाफ्यात) सारसाने घरटे केले तो दिवस, दोन अंडी दिसली तो दिवस, धुऱ्यापासून (बांधापासून) घरट्याचे अंतर, जोरदार पावसानंतर बांधीत किती पाणी चढले त्याची खूण, आणि साधारण महिन्याने पिले बाहेर आल्याची नोंद. त्याच पानावर कडेला लिहिलेले आहे की, शेतमालकाशी बोलून त्या बाजूचे निंदण काही दिवस पुढे ढकलायला लावले. हेच तुझे काम आहे. म्हणून लिही: ‘धानाच्या शेतांतील सारसांच्या घरट्यांची चार पावसाळे नोंद, अंडी, पिले, पाण्याची पातळी, घरट्याजवळचे निंदण लांबवण्यास शेतकऱ्यांना राजी केले.’ इंग्रजीत हे १५० अक्षरांत नीट बसते. महाराष्ट्रात सारस आता प्रामुख्याने तुमच्याच जिल्ह्यात उरला आहे, ही माहिती वाचकाला ठाऊक असणार नाही. ती अर्जातल्या अतिरिक्त माहितीच्या जागेत एका वाक्यात दे.

रोवणीचे काम तू यादीतून गाळलेस, याचे मला वाईट वाटले. ‘ते तर घरचेच काम’ असे तुला वाटले असणार. परंतु कौटुंबिक जबाबदारी हा त्या अर्जात उपक्रमाचा स्वतंत्र प्रकार आहे. आजीची शुश्रूषा, धाकट्या भावाचा अभ्यास, शेतातले काम, हे सारे तिथे निःसंकोच लिहायचे असते. आपल्याकडचे काम हंगामी असते, हे लक्षात ठेवून आकडे भर. रोवणीचे पाच आठवडे तू दर आठवड्याला तीस तास राबत असशील, तर तीस तास आणि पाच आठवडे असेच लिही. वर्षभराची सरासरी काढून तीन तास लिहिलेस तर त्या कामाचा भार दिसणार नाही. सगळ्या नोंदींचे तास एकत्र मांडून मात्र एकदा पाहा. अभ्यास आणि झोप धरून ते एका आठवड्यात मावले पाहिजेत, नाहीतर खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो.

झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकात तू प्रॉम्प्टिंग करतेस, हे तू शेवटी, जवळजवळ संकोचाने लिहिले आहेस. ही नोंद वर आण. दिवाळीनंतरच्या मंडईपासून (गावजत्रेपासून) होळीपर्यंत चालणारा हा हंगाम, रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत रंगणारा प्रयोग, गावोगावचे हजारो प्रेक्षक, यांची कल्पना बाहेरच्या वाचकाला नसते. नुसते ‘नाटकात सहभाग’ लिहिलेस, तर तो शाळेच्या सभागृहातला अर्ध्या तासाचा कार्यक्रम समजेल. संहिता हातात धरून रात्रभर जागणे आणि नट अडखळला की शब्द पुरवणे, ही जबाबदारी आहे. ती तशीच सांग.

घरी शिकणाऱ्यांच्या बाबतीत एक अडचण हमखास येते: अभ्यास कुठे संपतो आणि उपक्रम कुठे सुरू होतो, हे सांगता येत नाही. तुझ्या गुणपत्रकात आईने पर्यावरणशास्त्राखाली मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाण्याचा प्रकल्प दाखवला आहे. तो तिथेच राहू दे. उपक्रमांत पुन्हा घालू नकोस. एकच काम दोन्ही ठिकाणी दिसले तर यादी फुगवल्यासारखी वाटते.

शाळेच्या समुपदेशकाची जागा तुझ्या बाबतीत आईच घेईल आणि शाळेचा अहवालही तीच भरील. त्यामुळेच घराबाहेरच्या माणसाचा शब्द तुला अधिक लागणार आहे. तू ज्यांचा हिशेब मोबाइलवर ठेवायला लागलीस, त्या मच्छीमार संस्थेच्या सचिवांना पत्र मागायला हरकत नाही. ‘मुलगी हुशार व होतकरू आहे’ एवढेच त्यांनी लिहू नये. आधी हिशेब कसा होता, तू काय बदललेस आणि सभासदांना त्याचा काय उपयोग झाला, हे त्यांनी त्यांच्या भाषेत लिहावे. ते मराठीत लिहोत. इंग्रजी भाषांतर आपण जोडू आणि मूळ प्रतही सोबत ठेवू.

दहाही जागा भरल्याच पाहिजेत असे नाही. अमेरिकेतल्या एमआयटीचा अर्ज तर चारच उपक्रम विचारतो. तुझ्या यादीतला ऑनलाइन प्रश्नमंजूषेचा आणि एका दिवसाच्या वृक्षारोपणाचा उल्लेख काढून टाक. क्रम मी असा लावीन: सारस, नाटक, संस्थेचा हिशेब, रोवणी व घरकाम, मग लहान मुलांची शिकवणी. शिकवणीत किती मुले, कोणता विषय आणि किती महिने, हे तू लिहिलेले नाही. ते भरून सुधारित यादी मला पाठव. सचिवांकडे जाताना हिशेबाच्या जुन्या वह्याही ने, म्हणजे त्यांना आठवून लिहिणे सोपे जाईल.

कळावे.

तुझे काकाजी